'डिसएम्बार्क' म्हणजे नेमकं कधी उतरणं?

विमान थांबतं, सीटबेल्ट सोडल्याचे आवाज येतात आणि स्पीकरवरून एक शब्द कानावर पडतो: 'डिसएम्बार्क'. परदेशात शिरताना भरायच्या कार्डावर तोच शब्द असतो, जहाजाच्या तिकिटामागच्या बारीक अक्षरांतल्या अटींमध्येही तोच. भूमध्य समुद्रात बोटींमधून वाचवलेल्या माणसांच्या बातम्यांत तर तो सतत भेटतो. अमुक देशाने 'डिसएम्बार्केशन'ला परवानगी नाकारली, तमुक बंदरात दहा दिवसांनी मिळाली.

शब्दकोशात अर्थ चटकन सापडतो: जहाजातून किंवा विमानातून उतरणे. रोजच्या प्रवासात तेवढ्यावर भागतंही. पण उतरताना पडून हाड मोडलं आणि भरपाई मागायची वेळ आली तर? किंवा जहाज बंदराला लागलंय पण उतरू देत नाहीत, अशी अवस्था झाली तर? तेव्हा माणूस 'उतरला' की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठ्या गोष्टी ठरतात. माझ्या मते या शब्दात पायऱ्या उतरण्याची हालचाल हा लहान भाग आहे. माणसाची जबाबदारी वाहनाकडून जमिनीकडे जाते, हा त्याचा मोठा भाग. ते ध्यानात आलं की बाकीचे गुंते बऱ्यापैकी सुटतात.

## शब्दाच्या पोटात एक गलबत

'बार्क' हे लहान जहाजाचं जुनं नाव, उत्तरकालीन लॅटिनमधल्या 'बार्का'वरून आलेलं. त्यात चढणं म्हणजे 'एम्बार्क'. पुढे 'डिस' लागला की उलट क्रिया. फ्रेंचमार्फत हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत आला, म्हणजे त्याचं सुरुवातीचं सगळं आयुष्य पाण्यावर गेलं. विमानं आली तेव्हा त्यांनी जहाजांची बरीचशी भाषा उचलली. कॅप्टन, क्रू, केबिन, 'ऑन बोर्ड' हे सगळे शब्द जहाजावरचे. त्याच सामानात 'डिसएम्बार्क'ही विमानात आला.

म्हणून आजही हा शब्द जहाज आणि विमान यांच्याबरोबर शोभतो. बस किंवा रेल्वेसाठी वापरला तर चूक म्हणता येणार नाही, पण जड वाटतो. रिक्षा-टॅक्सीसाठी मात्र तो कुणी वापरत नाही.

आणखी एक खाचखळगा आहे. 'एम्बार्क ऑन' म्हणजे एखादं मोठं काम हाती घेणं, असा लाक्षणिक अर्थ इंग्रजीत रुळलेला आहे. त्यावरून काम सोडण्याला 'डिसएम्बार्क' म्हणता येईल असं वाटतं, पण तसा वापर होत नाही. तो शब्द वाहनालाच बांधलेला राहिला.

## त्याची भावंडं

मराठीत 'उतरणे' या एकाच क्रियापदावर आपण घोडा, बस, विमान, जहाज, सगळं निभावतो. जुन्या मराठीत तर प्रवाशालाच 'उतारू' म्हणत. इंग्रजीत मात्र वाहनाप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे शब्द बदलतो.

'अलाइट' हा त्यातला सगळ्यात देखणा. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'हलकं करणं' या अर्थाच्या धातूत आहे. स्वार खाली उतरला की घोड्याच्या पाठीवरचा भार हलका होतो, म्हणून अलाइट. घोडे गेले, शब्द बस आणि रेल्वेच्या सूचनांमध्ये टिकला. लंडनच्या भुयारी रेल्वेत, सिंगापूर आणि हाँगकाँगच्या मेट्रोत तो नेहमी ऐकू येतो. पक्षी फांदीवर येऊन बसतो त्यालाही अलाइट म्हणतात. पण याच स्पेलिंगचं एक विशेषण आहे आणि त्याचा अर्थ 'पेटलेलं'. त्यामुळे बस 'अलाइट' आहे असं वाचलं तर प्रवासी उतरत नाहीयेत, बसला आग लागली आहे.

'डिप्लेन' हा अमेरिकी वळणाचा, फक्त विमानासाठी. 'डिट्रेन' रेल्वेसाठी. 'डिसमाउंट' घोडा किंवा सायकलवरून. 'डिबोर्ड' विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी बसलेला. 'डिबार्क' हा डिसएम्बार्कचाच आखूड भाऊ. मात्र झाडाची साल काढण्यालाही 'डिबार्क' म्हणतात, तेव्हा आजूबाजूचं वाक्य पाहूनच अर्थ लावायचा.

'इव्हॅक्युएट'ला मात्र या यादीत घालू नये. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला, पण प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडून वाचले. त्याला कुणी डिसएम्बार्क म्हटलं नाही आणि ते बरोबरच होतं. ते इव्हॅक्युएशन होतं. तिथे सामान जागीच सोडायचं आणि जीव घेऊन बाहेर पडायचं. या दोन्हींच्या मधलीही एक पायरी आहे, 'रॅपिड डिसएम्बार्केशन'. धोक्याची शंका आहे पण आग दिसत नाही, अशा वेळी नेहमीच्याच दारातून आणि जिन्यावरून, पण झटपट सगळ्यांना बाहेर काढतात. कर्मचाऱ्यांच्या तोंडून यातला कोणता शब्द येतो, याकडे प्रवाशाने कान द्यावा.

## मग साधं 'गेट ऑफ' म्हटलं तर बिघडतं कुठे?

कुठेच नाही. बोलताना तेच म्हणावं. घरच्यांना फोन करून 'मी आत्ताच डिसएम्बार्क झालो' असं कुणी सांगत नाही, इंग्रजी मातृभाषा असणारेही नाहीत.

फक्त 'गेट ऑफ' आणि 'गेट आउट ऑफ' यांतला फरक सांभाळायचा. बस, रेल्वे, विमान, मोठं जहाज म्हणजे ज्यात उभं राहून चालता येतं, त्यातून 'गेट ऑफ'. ज्यावर टांग टाकून बसतो ती सायकल, मोटारसायकल किंवा घोडा, त्यावरूनही 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, छोटी होडी यांत वाकून शिरावं लागतं, त्यातून 'गेट आउट ऑफ'. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर काम होतं.

आपल्याकडचं 'गेट डाउन' हे सरळ 'खाली उतर'वरून आलेलं आहे. आपल्या आपल्यात ते सगळ्यांना कळतं. पण बाहेर एखाद्याला गर्दीत ओरडून 'गेट डाउन' म्हटलं तर त्याला 'खाली वाक, लपून बस' असं ऐकू येण्याची शक्यता जास्त.

वाक्यात 'डिसएम्बार्क' दोन तऱ्हांनी येतो. प्रवासी जहाजातून डिसएम्बार्क होतात, ही पहिली. दुसरीकडे आपलं लक्ष कमी जातं: कॅप्टन एखाद्या प्रवाशाला डिसएम्बार्क करतो, म्हणजे उतरवतो. विमानातल्या गुन्ह्यांबाबतच्या १९६३ च्या टोकियो कराराच्या आठव्या कलमात हाच वापर आहे. विमानाच्या किंवा त्यातल्या लोकांच्या सुरक्षिततेला धोका होईल असं कृत्य एखाद्याने केलं, किंवा तो करण्याच्या बेतात आहे असं मानायला वाजवी कारण असलं, तर विमान जिथे उतरेल त्या देशात त्याला खाली उतरवण्याचा अधिकार कमांडरला आहे. गंभीर गुन्हा असेल तर पोलिसांच्या ताब्यात देण्याची तरतूद वेगळी, पुढच्या कलमात. म्हणजे 'उतरवलं' आणि 'ताब्यात दिलं' या कायद्याच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत मात्र त्यांची सर्रास गल्लत होते.

## पाय जमिनीला लागला की झालं ना?

इथून शब्दाचा खरा कस लागतो.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात इजा झाली तर भरपाईचे नियम १९९९ च्या माँट्रियल करारात आहेत. त्याआधी १९२९ चा वॉर्सा करार होता. माँट्रियल कराराचं सतरावं कलम सांगतं की मृत्यू किंवा शारीरिक इजा घडवणारा अपघात विमानात, किंवा चढण्या-उतरण्याच्या कोणत्याही प्रक्रियेदरम्यान झाला असेल, तर विमान कंपनी जबाबदार. त्यात 'उतरण्याच्या क्षणी' असं म्हटलेलं नाही, प्रक्रियेदरम्यान असं म्हटलं आहे. आणि ही प्रक्रिया कुठे संपते, याची रेघ करारात कुठेच मारलेली नाही.

रिले शर्यत डोळ्यांसमोर आणा. पहिला धावपटू दुसऱ्याच्या हातात बॅटन देतो, पण ते एका बिंदूवर देत नाहीत. त्यासाठी ट्रॅकवर एक पट्टा आखलेला असतो आणि त्या पट्ट्यात काही पावलं दोघांचेही हात बॅटनवर असतात. डिसएम्बार्केशन हा तसा पट्टा आहे. एका टोकाला विमानाचं दार, दुसऱ्या टोकाला टर्मिनलमधली अशी जागा, जिथे प्रवासी आपल्या मर्जीने हिंडूफिरू लागतो. शर्यतीत पट्टा रंगवलेला असतो, इथे तो न्यायालयाला प्रत्येक खटल्यात आखावा लागतो.

बॉस्टनच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ पडलेल्या एका प्रवासी महिलेचा दावा १९७१ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयासमोर आला. न्यायालयाने तो वॉर्सा कराराखाली मान्य केला नाही. प्रवासी विमानातून उतरून टर्मिनलच्या आत सुरक्षित जागी पोहोचला की उतरण्याची प्रक्रिया संपते, असा निकालाचा आशय. चार वर्षांनी दुसऱ्या अपील न्यायालयाने उलट टोकाचा प्रश्न सोडवला. ५ ऑगस्ट १९७३ रोजी अथेन्सच्या विमानतळावर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तेव्हा काही प्रवासी झडतीच्या रांगेत उभे होते. विमान अजून बाहेर होतं, त्यात कुणी चढलं नव्हतं. तरी न्यायालयाने म्हटलं की हे लोक 'चढण्याच्या प्रक्रियेत' होते. कारण ती रांग विमान कंपनीच्या सांगण्यावरून लागली होती आणि तिच्यातून गेल्याशिवाय विमानात जाता येत नव्हतं.

या निकालांमधून तीन कसोट्या पुढे आल्या. माणूस त्या वेळी काय करत होता, कुठे होता, आणि कुणाच्या ताब्यात होता. तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विमानाच्या दारातून टर्मिनलकडे नेणाऱ्या बसमध्ये तुमचा पाय जमिनीवरून पुन्हा वाहनात गेलेला असतो, पण तुम्ही कुठे जायचं हे अजून कंपनीच ठरवते. पट्टा संपलेला नसतो. तुम्ही खांद्याला पिशवी लावून दुकानांत डोकावायला लागलात की तो बहुधा संपलेला असतो.

जबाबदारीचा आकडाही ठरलेला आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंत, कंपनीची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा असेल तर ती कमी होऊ शकते. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, काही प्रमुख चलनांच्या सरासरीवर बेतलेलं. दावा विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांत लावावा लागतो, नंतर हक्कच संपतो. तेव्हा उतरताना इजा झाली, तर ती नेमकी कुठे झाली, कुणी कुठे जायला सांगितलं होतं आणि वेळ काय होती, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावं, फोटो काढावा.

आणखी दोन ठिकाणी हा शब्द असाच दाराच्या कडीसारखा बसलाय. टोकियो करारातल्या कमांडरच्या अधिकारांपुरतं विमान 'उड्डाणात' कधी असतं? चढून झाल्यावर बाहेरची सगळी दारं बंद झाल्यापासून, उतरण्यासाठी त्यातलं एक दार उघडेपर्यंत. मग चाकं जमिनीवर असली तरी चालतं. आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात विमान अपघाताची व्याख्या आहे, तिचा काळ उड्डाणाच्या हेतूने पहिला माणूस चढल्यापासून अशी सगळी माणसं उतरेपर्यंतचा. शेवटचा प्रवासी आत आहे तोवर उड्डाणाची गोष्ट पूर्ण झालेली नाही.

## मधल्या थांब्यावर खाली गेलो, तर ते उतरणं धरायचं का?

शिकागो कराराचंच नववं परिशिष्ट प्रवासी आणि माल यांच्या ये-जा सुलभतेबद्दल आहे. त्यातल्या व्याख्येप्रमाणे डिसएम्बार्केशन म्हणजे विमान उतरल्यावर त्यातून बाहेर पडणं, पण कर्मचारी आणि त्याच विमानफेरीच्या पुढच्या टप्प्यावर जाणारे प्रवासी वगळून. मधल्या थांब्यावर पाय मोकळे करून आलात, तर या व्याख्येनुसार तुम्ही डिसएम्बार्क झाला नाहीत. जहाजांवरही व्यवहार असाच आहे. सहलीचं जहाज वाटेतल्या बंदरात थांबतं आणि लोक दिवसभर गाव पाहून येतात, ते 'गो अशोअर'. सामानासह कायमचं उतरायचा शेवटचा दिवस, तो डिसएम्बार्केशनचा.

## जहाज पोहोचलं म्हणजे माणसं पोहोचली?

नाही, आणि इतिहासात याची किंमत माणसांनी मोजली आहे.

साधं उदाहरण आधी. कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये कामासाठी आलेल्या लोकांचं 'एम्पायर विंडरश' हे जहाज टिलबरीला २१ जून १९४८ रोजी पोहोचलं. प्रवासी उतरले दुसऱ्या दिवशी. ब्रिटनमध्ये विंडरश दिन पाळतात तो २२ जूनला, उतरण्याच्या तारखेला.

त्याच्या नऊ वर्षं आधी 'सेंट लुइस' जहाज १३ मे १९३९ ला हॅम्बुर्गहून निघालं. त्यावर ९३७ प्रवासी होते, बहुतेक सगळे नाझी जर्मनीतून निसटू पाहणारे ज्यू. २७ मे रोजी ते हवानाला पोहोचलं. शहर समोर दिसत होतं. पण क्यूबाच्या सरकारने आधी दिलेले परवाने रद्द ठरवले होते. फक्त २८ जणांना उतरू दिलं. एकाने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्याला रुग्णालयात नेलं. एकाचा वाटेतच मृत्यू झाला होता. उरलेले ९०७ जण जहाजावरच राहिले. अमेरिकेनेही दार उघडलं नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून जहाज ६ जूनला युरोपकडे वळलं. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी या लोकांना वाटून घेतलं. पुढच्या वर्षी जर्मन फौजा त्यातल्या तीन देशांत शिरल्या. या प्रवाशांपैकी २५४ जण ज्यूंच्या त्या हत्याकांडात मारले गेले. हवानाला ते 'पोहोचले' होतेच. उतरले नव्हते.

अलीकडचं 'डायमंड प्रिन्सेस' हे सहलीचं जहाज आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०२० ला ते जपानमधल्या योकोहामाच्या बंदराशी आलं, त्यावर ३,७११ जण होते. करोनामुळे लोकांना खोल्यांत थांबवलं. तपासणीत निर्दोष निघालेल्या प्रवाशांना सोडायला सुरुवात झाली ती १९ फेब्रुवारीला. तोवर आणि त्यानंतर मिळून सातशेहून अधिक जणांना लागण झाली.

## समुद्रातून वाचवलं, मग उतरवायचं कुणी?

बुडणाऱ्याला वाचवणं हे प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे, ही समुद्राची फार जुनी रीत आणि आजचा आंतरराष्ट्रीय कायदाही. पण वाचवलेल्यांना कुठे उतरवायचं, हे कायद्यात बराच काळ नीटसं लिहिलेलं नव्हतं.

ऑगस्ट २००१ मध्ये ते उघड्यावर पडलं. 'टॅम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने ऑस्ट्रेलियाच्याच विनंतीवरून हिंदी महासागरात एका मोडकळीला आलेल्या बोटीतून ४३३ आश्रयार्थी वर घेतले. त्यातले बहुतेक अफगाणिस्तानचे. जहाजावर कर्मचारी होते २७. इतक्या माणसांची झोपायची, जेवायची, औषधांची सोय त्यावर असणंच शक्य नव्हतं. ऑस्ट्रेलियाने आपल्या ख्रिसमस बेटावर त्यांना उतरवू द्यायला नकार दिला. जहाज तिच्या हद्दीत शिरल्यावर तिथल्या सैनिकांनी ते ताब्यात घेतलं. शेवटी त्या लोकांना नौदलाच्या जहाजावर हलवून नाउरू आणि न्यूझीलंडकडे धाडण्यात आलं.

यानंतर २००४ मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाच्या आणि शोध-बचावाच्या दोन्ही करारांत दुरुस्त्या झाल्या, त्या १ जुलै २००६ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार ज्या देशाच्या शोध-बचाव क्षेत्रात माणसं वाचवली, त्याने मुख्य जबाबदारी घेऊन समन्वय करायचा. वाचलेल्यांना जहाजातून उतरवून 'सुरक्षित जागी' पोहोचवायचं, आणि मदत करणाऱ्या कप्तानाला त्याच्या वाटेवरून कमीत कमी हटावं लागेल असं बघायचं.

## पण जहाजावर ते सुरक्षितच असतात ना? घाई कशाला?

हा आक्षेप हमखास येतो, आणि वरवर पटतोही. माणूस बुडण्यातून वाचला, आता चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय? २००४ च्या त्या दुरुस्त्यांबरोबरच आलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचं उत्तर आहे. माणसं जहाजावर आल्यामुळे लगेचच्या धोक्यातून सुटली, एवढ्याच कारणासाठी त्या जहाजाला सुरक्षित जागा मानू नये. सुरक्षित जागा म्हणजे जिथे बचावाचं काम संपलं असं म्हणता येतं, जिवाला धोका उरत नाही आणि अन्न, निवारा, औषधपाणी या मूलभूत गरजा भागतात. मालवाहू जहाजाच्या उघड्या डेकवर, कंटेनरांच्या मधे शेकडो माणसं बसली असतील तर यातली पहिली अटसुद्धा पुरी होत नाही.

तरीही बंदराबाहेर दिवसच्या दिवस ताटकळणारी जहाजं का दिसतात? कारण दुरुस्त्यांनी देशांवर सहकार्य करण्याचं बंधन टाकलं, पण शेवटी बंदर कुणाचं, हे नाव घेऊन ठरवलं नाही. समन्वय करणाऱ्या देशाने स्वतःचंच बंदर दिलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. माल्टाने तर त्या दुरुस्त्या स्वीकारल्याच नाहीत, आणि तिचं शोध-बचाव क्षेत्र भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर मोठं पसरलेलं आहे. मला ही पळवाट लज्जास्पद वाटते. कप्तान आपलं कर्तव्य करून मोकळा व्हायला हवा, तो वाटाघाटींचा ओलीस होता कामा नये.

अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा तिच्यात दोन तारखा शोधा. एक माणसांना पाण्यातून वर घेतल्याची, दुसरी त्यांना डिसएम्बार्क केल्याची. मधल्या दिवसांत ती माणसं, कायद्याच्या हिशेबाने, अजून वाचवली जातच असतात.